मक्याला मुभा, टोमॅटोला मज्जाव

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापाराचा करार अंमलात आला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील आदिवासी शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले. हा योगायोग नव्हता. दिवस हेतुपूर्वक निवडलेला होता. डोंगरउतारावर मका, घेवडा व भोपळा एकत्र पेरणाऱ्या या कोरडवाहू शेतकऱ्याला यापुढे आयोवाच्या शेतकऱ्याशी स्पर्धा करावयाची होती.

आयोवाच्या शेतकऱ्याचे हेक्टरी उत्पादन त्याच्या कितीतरी पट. हा फरक सर्वस्वी अनुदानाचा प्रताप होता असे म्हणता येणार नाही. जमीन, पाऊस व यंत्रे यांचाही त्यात वाटा होता. परंतु मक्याचे भाव कोसळले तेव्हा वॉशिंग्टनच्या तिजोरीने आपल्या शेतकऱ्याचा तोटा भरून दिला आणि २००२च्या कायद्याने ही व्यवस्था कायम केली. साहजिकच पेरा घटला नाही. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधक टिमथी वाइज यांच्या हिशेबाप्रमाणे १९९७ ते २००५ या काळात अमेरिकन मका उत्पादनखर्चापेक्षा सरासरी १९ टक्के कमी दराने निर्यात होत होता. करारापूर्वी वर्षाला सुमारे वीस लाख टन असलेली मेक्सिकोची मक्याची आयात अलीकडे दीड कोटी टनांच्या पुढे गेली आहे.

मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांनाही या प्रकरणी निर्दोष ठरविता येत नाही. पंचवीस लाख टनांहून अधिक मका आल्यास त्यावर आरंभी २१५ टक्क्यांपर्यंत जकात बसविण्याची मुभा त्यांना होती. ती क्रमशः घटत २००८ साली संपावयाची होती. पंधरा वर्षांची ही सवलत त्यांनी वापरलीच नाही. शहरातील महागाई आटोक्यात राहावी म्हणून बंदरे मोकळी सोडली. भरपाईसाठी ‘प्रोकॅम्पो’ योजना काढली. पण तिचे पैसे हेक्टरामागे मिळत असल्याने ज्याची जमीन मोठी त्याचीच ओंजळ मोठी. १९९९ साली धान्यखरेदी करणारे ‘कोनासुपो’ हे सरकारी मंडळही बंद झाले. शेतकऱ्याचा भाव पडला, तरी गिऱ्हाइकाची तोर्तिया (मक्याची भाकरीच ती) मात्र स्वस्त झाली नाही. सरकारने तिच्यावरील अनुदान व भावनियंत्रण दोन्ही काढून घेतले होते. देशाचे एकूण मका-उत्पादन घटले नाही हे खरे. सिनालोआच्या पाटपाण्यावरील मोठ्या बागायतदारांनी ते वाढविले. बुडाला तो डोंगरावरचा.

आता उलट दिशेने जाणारा माल पाहावा. मेक्सिकोचे टोमॅटो स्वस्त पडतात म्हणून फ्लोरिडाच्या बागायतदारांनी १९९६ साली डम्पिंगची तक्रार केली आणि मेक्सिकन निर्यातदारांना किमान दराची अट स्वीकारावी लागली. २०१४ साली साखरेबाबत तेच घडले: मेक्सिकोची साखर अनुदानित आहे, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप घेणाऱ्यांची स्वतःची साखर आयात-कोटा व आधारभाव यांच्या छत्राखाली दीर्घकाळ सुरक्षित आहे, ही गोष्ट कोणाला विसंगत वाटली नाही! मेक्सिकोने अमेरिकन तांदळावर डम्पिंगविरोधी कर बसविला, तेव्हा २००५ साली जागतिक व्यापार संघटनेत निकाल त्याच्याविरुद्ध गेला.

तेव्हा प्रश्न अनुदान असावे की नसावे एवढाच नाही. जकाती उतरविण्याची तारीख वार करारात ठरली; देशांतर्गत अनुदानांना मात्र त्याने हात लावला नाही. मका खर्चाहून स्वस्त असेल तर त्यावर तेवढ्या फरकाइतका कर घेण्याचा आपसूक अधिकार शेजाऱ्याला मिळाला असता, तर समतोल काहीसा साधला असता. तसे कलम नव्हते. उरली तक्रारीची वाट. तिला वकील लागतात, हिशेबवह्या लागतात, संघटना लागते. फ्लोरिडाकडे हे सारे होते, पाच एकरांच्या मक्यापाशी यातले काहीच नव्हते.

२०२०च्या नव्या करारानेही या बाबतीत फारसा फरक केला नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने टोमॅटोविषयीची तडजोड मोडून सुमारे १७ टक्के कर बसविला. सिनालोआच्या ज्या मळ्यांतून हा टोमॅटो जातो, तेथे तोडणीला येणाऱ्या हंगामी मजुरांत ओआहाका व गेरेरोच्या डोंगरांतील आदिवासींचा भरणा मोठा आहे. त्यांच्या गावी मका पिकतो.