किडकिडीत देहातला मधुमेह

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीसमोर जी रांग लागते, तिच्यात भोकरदन-जालन्याकडून चालत आलेली माणसे असतात. बहुतेक उन्हाने रापलेली आणि अंगाने सडपातळ. यांच्यापैकी मधुमेह कुणाला असेल, असे विचारले तर बोट पोट सुटलेल्या एखाद्या दुकानदाराकडे जाईल. कापसाच्या शेतात राबणाऱ्या, पन्नास किलोही न भरणाऱ्या माणसाकडे ते जाणार नाही. हा अंदाज चुकीचा आहे, आणि तो चुकतो हे गेल्या तीस वर्षांत सर्वांत ठामपणे दाखवले ते महाराष्ट्रातल्याच एका संशोधनाने. मधुमेह हा इन्सुलिन या संप्रेरकाचा विकार. आपल्याकडे त्याची पायाभरणी खाण्यापिण्याच्या चैनीच्या फार आधी, आईच्या पोटात होते. हे मान्य केले, तर तो कुठे शोधायचा आणि कुठे थोपवायचा याचा सगळा विचारच बदलावा लागतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक त्यात सोबत होते. अभ्यासाची मांडणीच वेगळी होती. गरोदर बाई दवाखान्यात येईपर्यंत थांबायचे नाही. लग्न झालेल्या बायकांची उंची, वजन, आहार दिवस जाण्याआधीपासून नोंदवायचा. या शेतकरी बायका सरासरी २१ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, तर साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. इथवर नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. बाळांचे दंड, पोट, डोके, लांबी असे एकेक माप इंग्लंडच्या बाळांशी ताडून पाहिले, तेव्हा सगळीकडे आपले बाळ लहान निघाले. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी, म्हणजे तिथली चरबी, जवळजवळ टिकून होती. मांस कमी, चरबी राखलेली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ ही वैद्यकशास्त्रातली ओळखीची कल्पना झाली. पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले, तर कमी वजनाच्या पुणेकर बाळांत इन्सुलिन उलट जास्त होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा काय लपवतो, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने सांगितले नसते.

असे का व्हावे? जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या हुकमाने मुख्यतः स्नायूंत शिरते आणि तिथे साठते किंवा खर्च होते. ज्याच्या अंगावर मांस कमी, त्याच्याकडे साखर रिचवायला जागाच कमी. पोटाच्या आतली चरबी रक्तात स्निग्धाम्ले सोडते, त्यामुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनचा हुकूम नीट पाळत नाहीत. मग तेच काम करून घ्यायला स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन गाळावे लागते. आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची पुंजी बरीचशी गर्भातच जमते. गर्भाला पुरेसे मिळाले नाही, तर तो मेंदू सांभाळतो आणि इतर अवयवांवर काटकसर करतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या रक्तात साखर रेंगाळत होती. मराठवाड्याला हे वाचताना १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा आईच्या पोटात असलेली माणसे आज त्याच वयाची आहेत.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: जन्मताना बाळ बारीक असले तर असले, पुढे चांगले खाऊन ते सावरेल. त्या सहा गावांतल्या मुलांना संशोधकांनी सोडले नाही, म्हणून याला उत्तर आहे. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली ४८ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर प्रमाणाबाहेर गेलेली. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीच इतरांपेक्षा थोडी वर होती आणि जन्मतः ती लांबीला कमी होती. म्हणजे ही वाट पाळण्यापासून दिसत होती. आपण पाहत नव्हतो, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गरिबी, कष्ट, अपुरा आहार हे सगळे एकत्रच नांदते. त्यातून नेमका दोषी कसा निवडायचा? इथेच प्रयोगशाळेची गरज लागते. रक्ततपासणीत त्या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीतले जीवनसत्त्व, जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन सर्वांत निष्प्रभ झालेले दिसले. पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेला उंदरांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले ते उंदीर आकाराने लहान झाले होते, रक्तात इन्सुलिन जास्त आणि बी-१२ कमी होते. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घालूनही हा बिघाड मिटला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण पन्नास पिढ्यांची भूक दोन पिढ्यांच्या भाकरीने भरून निघत नाही, हे पाहायला दुसरा मार्गही नाही. माणसांतला पुरावा मिळवण्यासाठी त्याच सहा गावांतल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींपैकी काहींना २०१२ पासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले, मुलींना तर पहिले मूल होईपर्यंत. कारण सिद्ध करायचा हाच प्रामाणिक रस्ता आहे, आणि त्याचा खरा निकाल त्यांची मुले मोठी झाल्यावरच लागणार. पिढी मोठी व्हायला लागतो तेवढा वेळ या शास्त्रालाही लागतो.

एक गैरसमज मात्र लगेच दूर केला पाहिजे. फोलेट जास्त नि बी-१२ कमी हे वाईट, म्हणून कुणी फोलिक अ‍ॅसिडची गोळी थांबवू नये. बाळाचा कणा आणि मेंदू नीट घडण्यासाठी ती लागतेच. बोध एवढाच की तिच्या जोडीला बी-१२ पोचले पाहिजे, आणि ते भाकरी, वरण, मेथीच्या भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणात असते. घरातले दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, हा प्रश्न गोळीने सुटणारा नाही. सहा गावांच्या त्याच अभ्यासात हिरव्या भाज्या, फळे आणि दूध घेणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली निघाली, आणि गरोदरपणात जड कामे उपसणाऱ्यांची हलकी.

पुण्याजवळची सहा गावे म्हणजे मराठवाडा नव्हे, असेही कुणी म्हणेल. पाणी वेगळे, पिके वेगळी, शहर लांब. पण ४२ किलोची, विहिरीवरून हंडे वाहणारी, घरात शेवटी जेवणारी तरुण आई भोकरदन तालुक्यात परकी नाही. आणि जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर गरोदर बाई फडावरच असते. उलट ज्या भागाने दुष्काळ अधिक सोसला, तिथे ही काळजी अधिक हवी. खाणे, बसून राहणे, तंबाखू, वय यांचा वाटा कुणी नाकारत नाही. २०२३ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. ते सगळे गर्भातच ठरले, असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. म्हणणे इतकेच आहे की तेवढीच बैठी नोकरी आणि तेवढाच वडापाव आपल्या देहाला गोऱ्या देहापेक्षा लवकर भारी पडतो, कारण आपली पुंजी आधीच तुटपुंजी.

म्हणून गावातली तपासणी तिशीनंतर आणि जाड माणसापासून सुरू करणे मला अपुरे वाटते. कंबर मोजावी, वजनावर विसंबू नये, आणि कमी वजनाने जन्मलेल्या मुलामुलींची साखर कॉलेजच्या वयातच एकदा पाहावी. सर्वांत मोलाची तपासणी गरोदर बाईची आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० किंवा त्याहून वर निघाली तर उपचार सुरू. सरकारी नियमाप्रमाणे ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करायची असते. घरात कुणाला दिवस गेले असतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी नाव घेऊन मागा, आणि ती बाई कितीही बारीक असली तरी मागा.