धडक, दोष आणि भरपाई

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले मंदिरांचे शहर. मंदिरांभोवतीच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे रथ निघाले, भाविक पायी चालले. आज त्याच अरुंद रस्त्यांवर बस, रिक्षा, दुचाकी, सायकली आणि पादचारी यांची एकच गर्दी असते.

समजा, येथे पितळी समया सायकलवरून पोहोचवणाऱ्या एका कारागिराला बसची धडक बसली आणि तो दगावला. "सायकलच आडवी आली," असे चारजण म्हणतात. घरच्यांनाही ते पटते आणि हाती पडलेले काही हजार रुपये घेऊन ते गप्प बसतात. येथेच त्यांची फसगत होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६४ नुसार मोटारीच्या अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई मिळते. त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही तरतूद २०२२ पासून लागू आहे. जड, वेगवान वाहन रस्त्यावर आणणाऱ्याने त्याच्या धोक्याचा भार उचलावा, हा त्यामागील विचार आहे.

याहून अधिक भरपाई हवी असेल, तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथे मात्र चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरते. सायकलस्वाराची काही चूक आढळली, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा सरसकट बुडत नाही. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की हा दुसरा दावा संपुष्टात येतो. म्हणून सही करण्यापूर्वी विचार करावा.

पैसे कोण देतो? सामान्यतः विमा कंपनी, कारण तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. राज्य परिवहन महामंडळांना मात्र स्वतःचा निधी ठेवल्यास विम्यातून सूट मिळू शकते. तमिळनाडूत भरपाई थकल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने प्रवासी बसच जप्त झाल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत! चालकावरील फौजदारी खटला वेगळा चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या खटल्यात चालक सुटला, तरी भरपाईचा हक्क आपोआप जात नाही.

जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल, तर गोष्ट वेगळी. तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये अपघातग्रस्तांना पहिले ४८ तास मोफत उपचार देणारी योजना सुरू केली. परराज्यातील जखमींनाही तिचा लाभ मिळतो.

तीर्थयात्रेला गेलेल्या सोलापूरच्या माणसाला कुंभकोणमच्या रस्त्यावर अपघात झाला, तर दाव्यासाठी तेथे खेटे घालावे लागतात का? नाही. अर्जदार जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. मात्र तमिळनाडूतून परतण्यापूर्वी वाहनाचा क्रमांक, पोलिसांतील प्रथम माहिती अहवालाची प्रत आणि रुग्णालयाची कागदपत्रे सोबत घ्यावीत. कायद्याने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे.