रेडिओ-विमानाच्या सरावासाठी घरगुती जोडतार

उद्यमबागेत ज्यांचे दिवस लेथपाशी किंवा ओतशाळेत गेले, अशा आपल्या सभासदांस विमान ही वस्तू आता परकी राहिलेली नाही. निपाणीच्या वाटेवर हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात, आणि सांबऱ्याचा विमानतळ तर शहराला लागूनच आहे. साहजिकच घरातील मुले थर्माकोलची विमाने करतात व रेडिओ-ट्रान्समीटरने ती उडवू पाहतात. विमान करण्याहून ते उडविणे मात्र कठीण. ते दूर जात असता काडी उजवीकडे लोटली की ते आपल्या उजवीकडे वळते. तेच आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की सारे उलट दिसते, बोटे गोंधळतात, आणि महिनाभराची मेहनत क्षणात शेतात नाक खुपसते. त्यातून आपल्याकडचा पावसाळा! जून ते सप्टेंबर मैदानावर पाऊल ठेवणे कठीण.

यावर उपाय म्हणजे संगणकावरील सिम्युलेटर, अर्थात लटके उड्डाण. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास वैमानिकांच्या सरावाचे जे यंत्र केले, ते वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातील भात्यांवर डोलत असे. १९३४ साली तिकडील सैन्याने अशी सहा यंत्रे घेतली. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या हार्मोनियमवादकाने ज्या गावात शिष्य घडविले, त्या गावास भात्याचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको.

पिकासिमसारखा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. परंतु संगणकाच्या कळा दाबून सराव केल्यास बोटांस खऱ्या काडीचा ताण कळत नाही. म्हणून आपलाच ट्रान्समीटर संगणकास जोडावयाचा. तयार तारा बाजारात आहेत. तथापि घरी केलेल्या तारेने आत काय चालते तेही कळते, म्हणून आमचा कल तिकडे.

पुष्कळ ट्रान्समीटरांच्या पाठीमागे गुरू-शिष्यांचे दोन संच जोडण्यासाठी एक भोक असते. त्यातून जी विद्युत् बाहेर पडते तिला पीपीएम म्हणतात. काडी किती हलली हे त्यात विजेच्या दाबाने नव्हे, तर वेळेने सांगितलेले असते. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत दीड मिलीसेकंद गेला म्हणजे काडी मधोमध. एक म्हणजे एका टोकास, दोन म्हणजे दुसऱ्या. अशी एकामागून एक सहा किंवा आठ अंतरे येतात, मग लांब स्तब्धता, आणि सुमारे बावीस मिलीसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून. पंगतीत वाढप्याने दर फेरीस पहिल्या पानापासून सुरुवात करावी तसे. ती स्तब्धता नसती तर कोणते अंतर कोणत्या काडीचे, हे ओळखताच आले नसते.

हे मोजण्यास आर्डुइनो प्रो मायक्रो ही बोटाएवढी पट्टी पुरते. तिच्यावरील एटीमेगा ३२यू४ ही चिप यूएसबीवर स्वतःच जॉयस्टिक म्हणून उभी राहते. उनो पट्टीची मुख्य चिप तसे थेट करू शकत नाही, तेव्हा दुकानात ती हाती आली तरी घेऊ नये. ट्रान्समीटरच्या भोकात बसणारा प्लग घ्यावा. साडेतीन मिलीमीटरचा असल्यास बहुधा टोकावर संदेश व बुडाशी अर्थ असतो. गोल किंवा चौकोनी असल्यास माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून डाख देऊ नये, कारण काही संचांत शेजारच्याच पिनेवर बॅटरीचा पूर्ण दाब असतो. ती पिन मोकळी सोडावी. संदेशाची तार दहा किलोओहमच्या रोधातून पट्टीच्या तीन क्रमांकाच्या पायास, आणि अर्थची तार अर्थास. हा रोध गाळू नये. मल्टीमीटर ठोक्यांची केवळ सरासरी दाखवितो. त्यावर एक व्होल्ट दिसला तरी प्रत्यक्ष ठोका त्याहून कितीतरी उंच असू शकतो.

पट्टीत भरावयाचा प्रोग्राम लहान असतो. ठोका आला की वेळ टिपावी, मागील वेळ वजा करावी. बाकी तीन मिलीसेकंदांहून अधिक आल्यास नवी फेरी धरावी, कमी आल्यास तो आकडा पुढील काडीच्या नावे घालावा. जॉयस्टिकची लायब्ररी विनामूल्य मिळते.

एक सावधगिरी मात्र मुलांच्या कानी घालावीच. पडद्यावर विमान आपटले की एक कळ दाबून नवे मिळते. ती सवय मैदानावर घेऊन जाऊ नये. शिवाय सांबऱ्याच्या आसपास खरे उड्डाण करण्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहिलाच पाहिजे.

जोडणी झाल्यावर सिम्युलेटरमध्ये दोन्ही काड्यांची टोके नोंदवून घ्यावीत. काडी न हलविता पडद्यावरील विमान थरथरू लागले, तर प्रथम अर्थच्या तारेचा डाख पुन्हा तापवून पाहावा.