सिमेंट पोहोचायला अवघड, तिथं माती कामाची. लडाखच्या थंडीत चौकी कशी उभी राहू शकते?

लडाखच्या सीमेवर आपल्या गावाकडचीही पोरं पहारा देतात. हिवाळ्यात तिथं पारा शून्याच्या खूप खाली जातो. विटा, सिमेंट, रॉकेल सगळं दुरून घाटातून न्यावं लागतं. बर्फ पडला की रस्ता बंद. मग चौकी बांधायची कशानं? एक उत्तर पायाखालीच आहे, दाबलेली माती.

चाळलेल्या मातीत वाळू, साधारण 5 टक्के सिमेंट आणि बेताचं पाणी मिसळायचं. हाताच्या मशीनमध्ये दाबून वीट काढायची. भट्टी लागत नाही. मात्र वीट सुमारे 4 आठवडे ओलसर ठेवावी लागते, त्यामुळे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं.

जाड भिंत दिवसा ऊन धरते, रात्री ऊब सोडते. लेहजवळच्या फे गावात सेकमोल संस्थेची ठोकलेल्या मातीची इमारत अशीच उन्हावर उबदार राहते.

पण नुसत्या भिंतीनं भागत नाही. लडाखमधल्या बासगोच्या मातीच्या किल्ल्यानं 17 व्या शतकात तिबेटी-मंगोल फौजेचा वेढा सुमारे 3 वर्षं सोसला, असं सांगतात. कारण आत पाणी आणि धान्य होतं. आजच्या चौकीलाही पाणी, शिधा आणि सौर वीज जागेवरच हवी.

गावात अशी वीट पाडायची असेल तर काळी माती टाळा. ती फुगते, भेगाळते. पाया दगडाचा घ्या आणि छपराची वळचण भिंतीच्या बाहेर काढा.