वक्ते न ठरवलेली परिषद आणि मौनाची अट

मोबाइल अ‍ॅप तयार करणाऱ्या तंत्रज्ञांचे एक अनौपचारिक संमेलन ६ ते ८ जुलै २००७ या काळात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात, अ‍ॅडोबी कंपनीच्या कार्यालयात भरले होते. अ‍ॅपल कंपनीचा आयफोन २९ जून रोजी विक्रीस आला, त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. ‘आयफोनडेव्हकॅम्प’ या नावाचे हे संमेलन अ‍ॅपलने नव्हे, तर तंत्रज्ञांनीच पुढाकार घेऊन भरवले होते. गंमत अशी, की या फोनसाठी थेट अ‍ॅप लिहिण्याची साधने कंपनीने बाहेरच्या कोणालाही दिलेली नव्हती. सफारी न्याहाळकात चालणारी अ‍ॅप तयार करा, एवढीच मुभा होती. जमलेल्यांनी काम केले ते त्याच मर्यादेत.

अशा संमेलनांचा नमुना ‘बारकॅम्प’चा. टिम ओ’रायली यांच्या ‘फू कॅम्प’मध्ये केवळ निमंत्रितांना प्रवेश असे. त्याला पर्याय म्हणून ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे पहिला बारकॅम्प झाला. त्याची तयारी आठवड्याभरातच करण्यात आली होती आणि प्रवेश सर्वांना खुला होता. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, दिल्ली, बंगळुरू आणि पुणे येथेही बारकॅम्प भरले.

नेहमीच्या परिषदेला जाणाऱ्याला येथील पहिला तास गोंधळाचा वाटतो. उद्घाटन नाही, दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणेही नाहीत. भिंतीवर एक रिकामा तक्ता लावलेला असतो. त्यात एका बाजूला वेळा आणि दुसऱ्या बाजूला खोल्यांची नावे. ज्याला काही सांगायचे आहे, तो विषय कागदावर लिहून रिकाम्या चौकटीत चिकटवतो. तक्ता भरला, की तोच दिवसाचा कार्यक्रम. ऐकताना सत्र निरुपयोगी वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, असा संकेत आहे. त्यात वक्त्याचा अपमान मानला जात नाही. हॅरिसन ओवेन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या ‘ओपन स्पेस’ सभापद्धतीतून तो आला आहे.

केवळ ऐकण्यासाठी जाणाऱ्याच्या हाती मात्र येथे फारसे लागत नाही. अर्धवट झालेले, अडलेले अ‍ॅप सोबत नेले, तर शेजारी बसलेला अनोळखी तंत्रज्ञ चूक दाखवून देण्याची शक्यता अधिक असते. अशी कामाची बोलणी पुष्कळदा सत्रांपेक्षा चहाच्या टेबलापाशी होतात. पद्धतीत उणिवाही आहेत. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला अधिक वेळ मिळतो, आणि माहितीच्या नावाखाली स्वतःचे उत्पादन विकू पाहणारेही भेटतात. अर्थात, श्रोते उठून गेले की त्यांना ते समजतेच!

या देवाणघेवाणीची खरी कसोटी २००८ मध्ये लागली. अ‍ॅपलने ६ मार्च रोजी अ‍ॅप लिहिण्याचा साधनसंच खुला केला आणि १० जुलै रोजी सुमारे ५०० अ‍ॅपसह ‘अ‍ॅप स्टोअर’ सुरू झाले. विक्रीतील ७० टक्के वाटा तंत्रज्ञाला मिळणार होता, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्यालाही जगभरचा ग्राहक दिसू लागला. परंतु साधनसंच घेताना गोपनीयतेचा करार मान्य करावा लागे. आपल्याला आलेली तांत्रिक अडचण जाहीरपणे मांडणे अथवा दुसऱ्याला उत्तर सांगणे हा त्या कराराचा भंग ठरू शकत होता. ऑगस्टमध्ये दुसरे आयफोनडेव्हकॅम्प भरले, तेव्हा हीच अट लागू होती. म्हणजे ज्ञान वाटून घेण्यासाठी भरणारे संमेलन, आणि मुख्य विषयावर खुलेपणाने बोलायची चोरी!

याची झळ एकट्या संमेलनाला बसली नाही. ‘प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर्स’ या प्रकाशनसंस्थेने आयफोनवरील आपल्या नियोजित पुस्तकाचे काम थांबवले. नवशिक्यांची अडचण सर्वांत मोठी होती. मोठ्या कंपनीतील तंत्रज्ञाला निदान आपल्या सहकाऱ्यांना विचारता येत होते. घरी एकट्याने अ‍ॅप लिहिणाऱ्याला विचारायला कोणीच नव्हते. ज्याच्यासाठी अशी संमेलने सर्वाधिक उपयोगी, नेमका तोच एकाकी पडला होता. कंपनीच्या बाजूने कारण होते ते नव्या कल्पनांची नक्कल होण्याच्या धास्तीचे.

तंत्रज्ञांमधील नाराजी वाढत गेल्यानंतर १ ऑक्टोबर २००८ रोजी अ‍ॅपलने ही अट शिथिल केली. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर खुली चर्चा करण्यास त्यामुळे वाट मोकळी झाली. अप्रसिद्ध आवृत्त्यांबाबतची गोपनीयता मात्र तेव्हा कायम ठेवण्यात आली.