कारभार संगणकावर नेताना

संगणक घेतला की कारभार आपोआप सुधारतो, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे रूढ आहे. खरेदी, विक्री, गोदामातील माल, पगार आणि हिशेब ही सारी कामे एकत्र गुंफणाऱ्या आज्ञावलीला ईआरपी म्हणतात. मोठ्या कारखान्यात सॅप किंवा ओरॅकल असते, लहान दुकानात बहुधा टॅली. एका जागी नोंद केली की तिचा परिणाम सर्व खात्यांत उमटतो, हा तिचा फायदा. चूकही तशीच सर्वत्र उमटते. आपले अनेक विद्यार्थी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन अशाच कामावर रुजू होत आहेत, काही सभासदांनी स्वतःचे व्यवसाय थाटले आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम एक गाजलेले उदाहरण पाहू. हर्शी ही अमेरिकेतील चॉकलेट बनविणारी जुनी कंपनी. तिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी प्रणाली आणली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकायचे ठरले. सन २००० उजाडताच जुने संगणक तारखा चुकवतील, ही तेव्हाची धास्तीही घाईस कारण होती. तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या एकदम जोडल्या गेल्या, आणि एप्रिलचा मुहूर्त टळून जुलै १९९९ आला. ऑक्टोबरअखेर तिकडे हॅलोविनचा सण असतो व त्याच्या मागण्या आधीच सुरू होतात. आपल्याकडे मिठाईवाल्याने दिवाळीच्या तोंडावर वही मिटून संगणक उघडावा, तसे हे झाले. गोदामात चॉकलेट पडून राहिले आणि दुकानांतील फळ्या रिकाम्या! सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

यातील एक बारकावा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सणासाठी साठविलेला जादा माल नेहमीच्या गोदामाबाहेर, मिळेल त्या जागेत ठेवण्याची तेथे रीत होती. या जागांची नोंद नव्या प्रणालीत झालीच नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे यंत्राच्या लेखी तो माल अस्तित्वातच नव्हता. माल कोठे असतो हे गोदामातील माणसांना ठाऊक असते. पण हमालाला किंवा चलन फाडणाऱ्या कारकुनाला अशा बैठकीस बोलावतो कोण? याच कंपनीने २००२ मध्ये प्रणालीची पुढची आवृत्ती घेतली, तेव्हा चाचण्यांवर भर दिला आणि काम अंदाजापेक्षा कमी खर्चात झाले.

दुसऱ्या प्रकारची चूक जर्मनीतील लिडल या दुकानसाखळीची. तेथे मालाचा हिशेब खरेदीच्या भावाने ठेवत, तर घेतलेली सॅपची प्रणाली तो विक्रीच्या भावाने ठेवणारी. कंपनीने आपली रीत न सोडता प्रणालीलाच ठिगळे लावली. सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्यावर २०१८ मध्ये तो प्रकल्प गुंडाळण्यात आला. अंगरखा विकत घ्यायचा आणि उसवून पुन्हा शिवायचा, यापेक्षा घेण्यापूर्वी मापे घेणे स्वस्त पडते.

आपल्या दुकानात आकडे लहान, चुका मात्र याच. एकाने 'तूरडाळ' लिहिले, दुसऱ्याने 'तूर डाळ'; संगणकाने दोन माल धरले आणि साठा कधीच जुळेना. म्हणून नावे आधी एकसारखी करावीत, माल हाताने मोजावा, बुडीत व जुनी येणी तपासूनच आरंभीची शिल्लक चढवावी. नवे खाते १ एप्रिलपासून उघडणे सोयीचे. सणाचा हंगाम टाळावा. निदान दोन महिने रोजकीर्द आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. महिनाअखेर दोन्हींची तेरीज जुळत नसेल, तर जुनी वही बंद करू नये. हे दुप्पट काम सर्वांनाच कंटाळवाणे वाटते, आणि नेमके तेच प्रथम गाळले जाते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. निर्णय वरच्यांचा असतो, पण आकडा चुकला की बोट मात्र नोंद करणाऱ्या नवख्या मुलाकडे किंवा मुलीकडे वळते. पुष्कळ ठिकाणी एकच पासवर्ड चौघे वापरतात. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणारी आणि ती नोंद बंद न करता येणारीच हिशेबाची आज्ञावली वापरावी लागते. कोणत्या नावाने, कोणत्या तारखेला आकडा बदलला हे त्यात राहते. दुसऱ्याने केलेला बदलही तुमच्या नावावर राहू शकतो. तेव्हा नोकरीवर रुजू होताच पहिल्या दिवशी स्वतःचे वेगळे नाव व पासवर्ड मागून घ्यावा, आणि कोणी 'जुन्या तारखेला एवढे बदलून दे' म्हटले तर तसे लेखी मागावे.