सातव्या वाढदिवसाची धास्ती

सकाळी साडेनऊ. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात निघण्याआधी आजची फाइल पुन्हा वाचते. मुलगा पावणेसात वर्षांचा, तलाकनंतर आईजवळ. बापाच्या अर्जात सगळा भर एकाच गोष्टीवर: हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा झाला की आईचा हिजानतीचा, म्हणजे संगोपनाचा, हक्क संपतो. पण दोन्ही घरं दापोलीकडची, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. त्या मतात समज आलेल्या मुलालाच विचारतात, कुणाजवळ राहणार? सातवं वर्ष तिथे मुलाला विचारण्याचं आहे, उचलून नेण्याचं नाही.

साडेदहा. बाकावर आई आणि नानी. ‘‘मॅडम, वाढदिवस झाल्यावर त्याला घेऊन जातील?’’ हा प्रश्न किती आयांच्या डोळ्यांत पाहिलाय! ‘‘नाही ताई, वय भरलं म्हणून ताबा आपोआप जात नाही. कोर्ट ठरवील.’’ 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. त्याच्या 17व्या कलमात धर्माचा कायदा विचारात घ्यायला सांगितलाय; पण शोधायचं असतं ते मुलाचं हित.

बारा. पुकारा होतो. औरंगाबाद खंडपीठाचा 2025 चा निकाल मी पुढे ठेवते. नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा तिथे आईला मिळाला. वैयक्तिक कायद्यापेक्षा मुलाचं हित वरचढ ठरलं. न्यायाधीश म्हणतात, ‘‘मुलाशी मीच बोलते.’’

अडीच. चेंबरचं दार बंद, आम्ही सगळे बाहेर. नानी आणि दादी एकाच बाकावर, मध्ये मुलाचं दप्तर. बाप येरझारा घालतो. माणूस वाईट नाही. शनिवारची भेट चुकवत नाही, पोराचा अभ्यास घेतो. त्याच्या मायेवर माझा आक्षेप नाहीच. वयाच्या आकड्यावर पोराचं घर आणि शाळा बदलायला मात्र मी शेवटपर्यंत विरोध करीन.

चार. अंतरिम हुकूम: मूल आईजवळ, शनिवार-रविवार वडिलांकडे. शाळेची फी वडिलांनी भरायची. मूल आईजवळ असलं तरी त्याचा खर्च बापावरच असतो; नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हे स्पष्ट केलंय.

सहा. ऑफिसात एक तरुण मुलगी खुलाचा, म्हणजे बायकोने मागितलेल्या तलाकचा, मसुदा घेऊन आलीय. ‘मेहर सोडते, मुलांचा ताबाही सोडते.’ सुटका हवी तर हे लिहून दे, असं तिला सांगितलंय. माझा संताप होतो. मेहर तिची आहे, तिने सोडावी. पण मुलाचं हित तिच्या सहीने सुटत नाही, आणि अशा अटीने न्यायालय बांधलं जात नाही.

म्हणून कळकळीने सांगते: ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.